व्हॅक्यूम चक घरी करताय? पंप बदलण्याआधी गळती शोधा

कराडहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: आंब्याच्या लाकडाचे वाडगे लेथवर छान कातून होतात, पण बूड राहून जातं. चकमध्ये (लेथच्या पकडीत) धरायला ठेवलेला उंचवटा काढायचा म्हणजे वाडगा उलटा धरायला हवा, म्हणून एमडीएफची (लाकडाचा लगदा दाबून केलेल्या फळीची) चकती आणि ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपाची रिंग जोडून व्हॅक्यूम चक, म्हणजे आतली हवा पंपानं काढून वाडगा धरून ठेवणारी पकड, केला. पंप एसी मेकॅनिककडचा. व्हॅक्यूम गेजचा काटा ९ इंचांवर (पाऱ्याच्या) अडकतो, त्यापुढे सरकत नाही, आणि पटाशी टेकवली की वाडगा सरकतो. मोठा पंप घ्यावा का?

नको. पैसे राखून ठेवा. तुमचा पंप बहुतेक ठीक आहे, हवा दुसरीकडून आत येतेय. मोठा पंप लावणं म्हणजे गळक्या टाकीला जास्त हॉर्सपॉवरची मोटर लावणं. व्हॅक्यूम चकचं काम नव्वद टक्के गळती शोधण्याचं आणि बुजवण्याचं आहे. तेवढं जमलं की साधा पंपही पुरतो.

आधी आकडे बघू, कारण ९ इंच आणि २० इंच यांत किती फरक पडतो हे कळल्याशिवाय गळतीमागे लागायचा हुरूप येत नाही. चक वाडग्याला ओढत नाही, बाहेरची हवा वाडग्याला चकवर दाबते. गेजवर २० इंच दिसत असतील तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.६९ किलो दाब मिळतो. रिंगचा सील बसतो तिथला व्यास १० सेंटिमीटर धरला तर क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे ५४ किलोंच्या आसपास दाब. तुमच्या ९ इंचांवर हाच दाब २४ किलोंवर येतो. आणि हा सरळ अक्षाच्या दिशेचा दाब झाला. पटाशी वाडग्याला आडवी ढकलते, तिथे फक्त घर्षण कामाला येतं. आडव्या जोरासाठी यातल्या निम्म्यावरच भरवसा ठेवावा असं माझं मत आहे. मग २४ चे उरले १२. वाडगा सरकला यात नवल नाही.

व्यासाचा परिणाम तर याहून मोठा. तेच २० इंच १५ सेंटिमीटरच्या रिंगवर १२० किलोंच्या पुढे जातात आणि साडेसात सेंटिमीटरच्या रिंगवर जेमतेम ३० वर राहतात. त्यामुळे वाडग्यात मावेल तेवढी मोठी रिंग वापरायची. एकाच चकवर सगळी कामं भागवायला जाऊ नका. ६३, ९०, ११० आणि १६० असे पाइपाचे माप आपल्याकडे शेतीच्या दुकानात सहज मिळतात, प्रत्येकाचा एकेक चक करून ठेवला की वर्षानुवर्षं काम भागतं.

गेजबद्दल एक गोष्ट आपल्या भागातल्या माणसाला माहीत हवी. पंपाच्या डब्यावर २९.९ इंच लिहिलेलं असतं, ते समुद्रसपाटीचं. सांगली साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, इथे हवेचा एकूण दाबच २८ इंचांच्या आसपास असतो. साताऱ्यात तो साडेसत्तावीसच्या जवळ, आणि महाबळेश्वरला कुणी लेथ लावली तर पंचवीस-साडेपंचवीस. गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत मोजतो, त्यामुळे सांगलीत काटा २७ वर थांबला तर तो पंप उत्तम आहे. तीस दिसत नाहीत म्हणून पंप परत करणारे लोक मी पाहिलेत.

आता गळती. ती अंदाजानं शोधायची नाही. लेथ बंद ठेवून चार ठिकाणी गेज वाचायचा, आणि आकडे खडूनं भिंतीवर लिहायचे. पहिला आकडा पंपाजवळ: नळीचं टोक सोडवून अंगठ्यानं बंद करा. दुसरा, नळी लेथच्या मागच्या फिरत्या जोडाला लावा आणि पुढे स्पिंडलच्या (लेथच्या फिरत्या दांड्याच्या) तोंडात रबरी बूच घट्ट दाबा. तिसरा, चक चढवा आणि त्याच्या तोंडावर पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटचा तुकडा धरा. स्वयंपाकाच्या ओट्याचं काम चालू असेल तिथे असा हातभर तुकडा कुणीही देतं. तो सपाट असतो, जाड असतो, काचेसारखा फुटायची भीती नसते. चौथा आकडा प्रत्यक्ष वाडगा लावून. समजा हे आकडे आले २६, २५, १३ आणि ९. तर पंप, नळी, फिरता जोड यांना हात लावायचं कारण नाही, १२ इंच चकमध्येच गेलेत आणि वाडग्यानं फक्त ४ खाल्लेत. तेच आकडे २६, २५, २४ आणि ९ असले तर चक निर्दोष आहे आणि लाकूड गळतंय. दोन्हींचा इलाज वेगळा. हे चार आकडे घेतल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका.

तुम्ही वर्णन केलंय त्यावरून मला तिसऱ्या आकड्याचा संशय आहे, कारण चकती एमडीएफची आहे. एमडीएफ दिसायला घट्ट दिसतं, पण त्यातून हवा जाते. सीएनसी राउटरच्या व्हॅक्यूम टेबलावर मुद्दाम एमडीएफची चादर अंथरतात आणि तिच्यातून हवा खेचून वरचा पत्रा धरून ठेवतात. त्यांच्या कामाचा हा गुण आपल्या मुळावर येतो. वरचा पृष्ठभाग त्यातल्या त्यात बरा, कापलेल्या कडा आणि मधल्या भोकाची भिंत सगळ्यांत वाईट. प्लायवुडही कडेनं गळतं, थरांच्या मधल्या बारीक पोकळ्यांतून.

एमडीएफची चकती टाकूनच द्यायला हवी असं नाही. तिला इपॉक्सीचे दोन हात सगळीकडून द्या. पुढे, मागे, कडेला, आणि मधल्या भोकात काडीला कापूस गुंडाळून आतूनसुद्धा. भोकाची भिंत लोक विसरतात आणि मग सगळं सील करूनही काटा का हलत नाही म्हणून डोकं धरून बसतात. पण नवीन करत असाल तर १९ मिलिमीटरच्या मरीन प्लायचे दोन तुकडे एकमेकांना चिकटवून घ्या, एमडीएफपेक्षा स्क्रू घट्ट धरतात. फेसप्लेटचे, म्हणजे चकती जिच्यावर बसते त्या धातूच्या तबकडीचे, स्क्रू आरपार जाऊ द्यायचे नाहीत. पुढच्या बाजूनं टोक बाहेर आलं की तिथे नवीन भोक तयार झालंच.

रिंगसाठी ड्रेनेजचा पातळ पाइप नको. शेतीच्या पाइपलाइनचा जाड भिंतीचा पाइप किंवा त्याहून चांगला म्हणजे कपलर (दोन पाइप जोडायचा तुकडा) घ्या. दाबाच्या वर्गानुसार हे पाइप येतात, १० किलोचा मागा. लांबी पाच ते सात सेंटिमीटर पुरे. लांब रिंग केली की वाडगा बेअरिंगपासून दूर जातो आणि सगळं थरथरायला लागतं. चकती फेसप्लेटवर चढवून लेथवरच गोल करा, मग तिच्यात रिंग घट्ट बसेल अशी सात-आठ मिलिमीटर खोल गोल खाच कातून काढा. खाचेत अ‍ॅराल्डाइट भरून रिंग बसवा आणि टेलस्टॉकनं (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या सरकत्या आधारानं) हलका दाब देऊन रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी, फेसप्लेट न काढता, रिंगचा पुढचा काठ पटाशीनं सारखा करून घ्या आणि त्याच्या आतल्या-बाहेरच्या दोन्ही कडा गोल करा. वाडग्याच्या आतल्या गोलाईवर धारदार कड टेकली तर सील एका रेघेवर बसतो आणि लाकडावर वळ उठतो, गोल कड मात्र वेगवेगळ्या खोलीच्या वाडग्यांना चालते. पीव्हीसी कातताना लांब तारा निघतात, त्या हातानं ओढू नका, लेथ थांबवून काढा.

सीलसाठी बंद छिद्रांचा फोम लागतो. गादीचा किंवा पॅकिंगचा स्पंज आरपार हवा सोडतो, तो काही कामाचा नाही. ओळखायची खूण सोपी: पाण्यात दाबून सोडला तर बंद छिद्रांचा फोम पाणी पीत नाही. निओप्रीन मिळालं तर उत्तम, नाहीतर चपलांचं सामान विकणाऱ्यांकडे ईव्हीएची शीट मिळते, तीन ते चार मिलिमीटरची. जाड फोम घ्यायचा मोह होतो, कारण तो उंचसखल पृष्ठभाग चांगला झाकतो. पण जाड फोमवर वाडगा डुलतो, पटाशीखाली मागे दबतो आणि परत येतो, मग कातकामावर लाटा उठतात. पट्टीची दोन टोकं सरळ कापून जोडू नका. तिरकी कापून एकावर एक आणा आणि रबर सोल्यूशननं चिकटवा. सरळ सांधा हमखास उघडतो.

चक स्पिंडलवर चढतो तिथल्या आट्यांतूनही हवा जाते. तिथे रबरी वायसर टाकायची पद्धत मला पसंत नाही, कारण फेसप्लेटची पाठ स्पिंडलच्या खांद्यावर धातूला धातू अशी बसली तरच चक सरळ फिरतो. प्लंबरची टेफ्लॉन टेप आट्यांवर दोन वेढे घ्या, पुरेसं होतं.

आता फिरता जोड, म्हणजे नळी स्थिर आणि स्पिंडल फिरतोय तिथला सांधा. तयार मिळतो, पण घरी सहज होतो. स्पिंडलच्या मागच्या टोकात घट्ट बसणारा नायलॉनचा दट्ट्या कातून त्यात ओ-रिंग बसवा, दट्ट्यातून ८ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाची पितळी नळी काढा, आणि नळीच्या मागच्या टोकावर ६०८ नंबरचं बेअरिंग चढवा. त्याचं भोक ८ आणि बाहेरचा व्यास २२ मिलिमीटर असतो. बेअरिंगभोवती लाकडाची किंवा नायलॉनची टोपी, टोपीच्या मागे नळीचा निप्पल. बेअरिंग घेताना दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं, म्हणजे २आरएस मागा. पत्र्याच्या झाकणाचं झेडझेड दिसायला सारखंच असतं, पण झाकण आणि कडीमध्ये फट असते, तिथून हवा सरळ आत येते. दुसऱ्या आकड्यात मोठी घट दिसली तर पहिल्यांदा हेच बेअरिंग तपासायचं. टोपी लेथबरोबर फिरू नये म्हणून तिला एका बाजूनं दोरी किंवा काडी अडकवून ठेवा.

हे सगळं स्पिंडल पोकळ असेल तर. आपल्याकडच्या जुन्या कातारी लेथ पलंगाचे पाय, लाटणी, पाळण्याचे दांडे कातायला बनवलेल्या आहेत. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतली खुंटी असो की घरातलं लाटणं, लांबट वस्तू दोन टोकांत धरली की काम भागतं, स्पिंडलमधून काही आरपार न्यायची गरजच कधी पडली नाही. म्हणून असे स्पिंडल पुष्कळदा भरीव असतात. कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीत जॉबवर्क करणाऱ्या मशीन शॉपकडे स्पिंडल काढून नेला तर दोन्ही बाजूंनी ड्रिल मारून १० मिलिमीटरचं आरपार भोक पाडून मिळतं. स्पिंडल अशक्त होईल अशी भीती वाटते, पण ३० मिलिमीटरच्या दांड्यात १० चं भोक पाडल्यानं त्याची वाकण्या-पिळण्याविरुद्धची ताकद सव्वा टक्क्यानं कमी होते. मधला धातू ताकदीला फारसा हातभार लावतच नाही. पोकळ स्पिंडल असलेल्या लेथवर एक काळजी घ्या: स्पिंडलच्या अंगावर चाव्या-स्क्रूची आरपार छिद्रं असतील तर ती बुजवा, नाहीतर पंप तिथून लाकडाचा भुसा बेअरिंगकडे ओढतो.

पंपाचं सांगतो. एसी मेकॅनिकचा दोन टप्प्यांचा पंप खोल व्हॅक्यूमसाठी बनलेला आहे. बंद नळीतली हवा काढून टाकायची आणि तिथेच थांबायचं, हे त्याचं काम. गळत्या चकवर तो तासभर चालवला की तापतो आणि मागून तेलाचा धूर सोडतो. जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर व्हॅक्यूम चांगला ओढतो पण हवा फार थोडी काढतो. चक आणि लाकूड दोन्ही घट्ट असतील तरच तो चालतो, आणि तो काढायचाच असेल तर आतला गॅस मेकॅनिककडून रीतसर काढून घ्या.

माझी शिफारस वेगळी आहे आणि ती आपल्या जिल्ह्यांत सहज जमण्यासारखी आहे: धार काढायच्या मशीनचा पंप. दुधाच्या पट्ट्यात राहतो आपण, गोठे वाढवताना लोक छोटं मशीन विकतात. हा पंप बादलीत सतत हवा शिरत असतानाही व्हॅक्यूम टिकवायला बनलेला असतो, रोज सकाळ-संध्याकाळ चालतो, त्याला गेज आणि दाब ठरवणारा रेग्युलेटर आधीच लावलेला असतो. तो साधारण १५ इंचांवर, म्हणजे ३८० मिलिमीटरवर काम करतो. १० सेंटिमीटरच्या रिंगवर त्याचे ४० किलो होतात आणि १५ च्या रिंगवर ९० च्या वर. बूड कातायला हे पुरतं. आणि गळती थोडी राहिली तरी काटा पडत नाही, जे एसीच्या पंपाला जमत नाही. त्याचा धूर खिडकीबाहेर काढा, वाडग्याच्या ताज्या पॉलिशवर तेलाचा थर बसायला नको.

पंप कुठलाही असो, लाइनमध्ये तीन गोष्टी हव्यातच. पंपाजवळ नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे वीज गेली तर चकमधला व्हॅक्यूम लगेच पळत नाही आणि पंपातलं तेल नळीत चढत नाही. मोटरसायकलचा पेट्रोल फिल्टर, भुसा अडवायला. आणि गेजशेजारी टी-जोडावर एक छोटा व्हॉल्व्ह, बाहेरची हवा मुद्दाम आत सोडायला. हा शेवटचा व्हॉल्व्ह सगळ्यांत महत्त्वाचा आहे. वाडग्याची भिंत तीन मिलिमीटरपर्यंत पातळ केली असेल आणि व्यास मोठा असेल तर २० इंचांवर तो आत चेचला जाऊ शकतो. लाकडात बारीक चीर असेल तर हमखास. अशा वाडग्याला व्हॉल्व्ह उघडून ८ ते १० इंचांवर ठेवा आणि हलक्या हातानं काम करा.

वीज गेली की लेथही थांबते, पण लगेच नाही. जड वाडगा काही सेकंद फिरत राहतो. त्याहून धोक्याचं म्हणजे फक्त पंप ट्रिप होणं आणि लेथ चालू राहणं. म्हणून शक्य तोवर टेलस्टॉक लावूनच ठेवायचा. बुडाचा सगळा भाग टेलस्टॉकसकट कातून घ्यायचा, मधे अंगठ्याएवढा खुंट राहिला की मगच टेलस्टॉक मागे घ्यायचा. व्हॅक्यूमच्या भरवशावर राहायचं ते फक्त त्या शेवटच्या दोन-चार मिनिटांसाठी. वेग पाचशे ते सातशे फेऱ्यांच्या पुढे नेऊ नका, पटाशी नुकती धार लावलेली हवी, आणि तोंडावर पूर्ण शिल्ड हवं. साधा चष्मा पुरत नाही.

वाडगा मध्यावर आणण्यासाठी फार युक्त्या सांगितल्या जातात. मला सोपी वाटते ती ही: वाडगा पहिल्या चकमध्ये असतानाच उंचवट्याच्या बरोबर मध्यभागी खूण करून ठेवा. उलटा लावताना टेलस्टॉकचं टोक त्या खुणेत बसवून हलकं दाबा, हातानं फिरवून काठ बघा, सरळ वाटला की व्हॅक्यूम चालू करा. वाडगा ओल्या लाकडात कातून वाळवला असेल तर तो लंबगोल झालेला असतो. पावसाळ्यात आणलेलं लाकूड उन्हाळ्यात हमखास हलतं. अशा वाडग्याचा सील काठाजवळ बसत नाही, लहान रिंग घेऊन आत खोल टेकवा, तिथला आकार कमी बिघडलेला असतो.

आता लाकूड. चौथा आकडा पडला तर हे वाचा. आंब्याच्या लाकडाची छिद्रं मोठी आणि उघडी असतात, सागवानातही हंगामाच्या सुरुवातीच्या वाढीत ठळक छिद्रांची रांग असते. वाडग्यात तंतू दोन ठिकाणी आडवे कापले जातात आणि तिथे भिंतीतून हवा सरळ आरपार येते. ओठ लावून फुंकून बघा, कधी कधी पलीकडे जाणवते. शिसवाला हा त्रास फार कमी. आंब्यावर बुरशीच्या काळ्या रेघा असल्या की लाकूड दिसतं सुंदर आणि गळतं चाळणीसारखं. इलाज म्हणजे आतून सँडिंग सीलर किंवा चपड्याचे दोन हात, पूर्ण वाळवून. पॉलिश आधीच ठरलं असेल आणि सीलर नको असेल तर बाहेरून प्लास्टिकची पातळ फिल्म ताणून गुंडाळा, फक्त बुडाचा भाग उघडा ठेवा. चिरा असतील तर त्यात पातळ सुपरग्लू. तेलाचं पॉलिश करणार असाल तर ते बूड झाल्यावरच. तेल लागलेल्या पृष्ठभागावर फोम घसरतो.

काम संपल्यावर क्रम असा: लेथ बंद, ती पूर्ण थांबू द्या, एका हातानं वाडगा धरा, दुसऱ्या हातानं गेजजवळचा व्हॉल्व्ह हळू उघडा, वाडगा हातात आला की शेवटी पंप बंद.

तुमच्याकडचे ते आंब्याचे वाडगे बाजूला टाकू नका. आधी चकतीला इपॉक्सी द्या, भोकाच्या आतून सुद्धा, आणि ग्रॅनाइट लावून वाचा. तिथे २० च्या वर काटा जाईपर्यंत वाडगा चढवूच नका. मग वाडग्यांना आतून सीलरचे दोन हात द्या. वाडग्यावर १५ आले की टेलस्टॉक लावून बूड कातायला घ्या. तरीही १२ च्या खालीच राहिला तर चारही आकडे लिहून कळवा, गळती कुठे आहे ते त्यावरून सांगता येईल.